लोखंडी नाण्यांचा पावसाळा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : घरातल्या जुन्या डब्यात १९१७ सालचे जर्मनीचे १० फेनिगचे लोखंडी नाणे आहे. गेल्या पावसाळ्यानंतर त्यावर नारिंगी ठिपके उठले. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात ठेवले की गंज सुटतो असे ऐकले आहे. किती वेळ ठेवावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एक मिनिटही ठेवू नका. चिंच, कोकम, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, यातले काहीच नको. कारण समजून घ्या, म्हणजे पुढेही मोह होणार नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने जर्मनीची नाकेबंदी केली आणि बाहेरून येणारे निकेल आटले. जे हाताशी होते ते चिलखती पोलादाला हवे होते. तांबे काडतुसांना आणि तोफगोळ्यांच्या पट्ट्यांना लागत होते. तोवर तांबे-निकेलच्या मिश्रधातूत पडणारी ५ आणि १० फेनिगची नाणी त्यामुळे लोखंडात पाडायला सुरुवात झाली. ५ फेनिगवर १९१५ पासूनची वर्षे दिसतात, १० फेनिगवर १९१६ पासूनची, आणि दोन्ही १९२२ पर्यंत चालू राहिली. लोखंड गंजणार हे टांकसाळींना ठाऊक होतेच. म्हणून जस्ताच्या भुकटीबरोबर बंद पिंपात ते सुमारे ३५० ते ४०० अंश सेल्सिअसला तापवत. त्यातून पृष्ठभागावर लोखंड आणि जस्त यांचा एक पातळ, मंद राखाडी थर तयार होतो. या पद्धतीला शेरार्डायझिंग म्हणतात. आम्ल गंजाकडे वळण्याआधी हा थर खाते. अर्ध्या तासात नाणे लखलखीत दिसेल, आणि रत्नागिरीच्या हवेत दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण लाल होईल, कारण आता त्याच्या अंगावर काहीच उरलेले नाही.

आधी गंज जिवंत आहे की जुना, ते पाहा. काळपट तपकिरी, घट्ट बसलेला, नखाला न लागणारा थर हा जुना आणि स्थिर असतो. त्याला हात लावू नका, तो पुष्कळदा अक्षरे आणि आकडे धरून ठेवतो. चमकदार नारिंगी, भुकटीसारखा, कागदावर डाग सोडणारा गंज मात्र चालू आहे. खात्री नसेल तर नाणे पांढऱ्या कागदावर ठेवून कागदासकट घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. खाली नारिंगी भुकटी पडली असेल तर काम करावे लागेल. नारिंगी ओलसर थेंब किंवा फोड दिसले तर आत मीठ शिरले आहे असे समजा. समुद्रकाठच्या घरांत हे नेहमीचे आहे.

आता काम. ते पावसाळ्यात करू नका. जानेवारी ते मार्च हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ.

नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या सराफी वजनकाट्यावर वजन लिहून ठेवा. हातात नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोज्यांतून घाम झिरपतो, आणि घामातले मीठच लोखंडाला नडते. काचेच्या झाकणाच्या वाटीत २० ते २५ मिलिलिटर शुद्ध ॲसिटोन घेऊन नाणे दहा मिनिटे बुडवा, मग नव्या ॲसिटोनमध्ये पुन्हा दहा मिनिटे. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात पाणी, तेल आणि सुगंध असतात. प्लॅस्टिकची वाटी विरघळू शकते. खिडक्या उघड्या ठेवा, आणि जवळपास गॅस, देवापुढचा दिवा किंवा उदबत्ती नको, ॲसिटोनची वाफ झटकन पेटते. ॲसिटोनने गंज जात नाही, फक्त तेलकटपणा आणि ओल जाते. तेवढेच हवे आहे.

त्यानंतर नाणे लिक्विड पॅराफिनमध्ये आठ ते पंधरा दिवस बुडवून ठेवा. औषधाच्या दुकानात पारदर्शक, बिनवासाचे मिळते ते घ्या. मॅग्नेशिया मिसळलेले पांढरे पातळ औषध घेऊ नका, त्यात पाणी असते. तेल तपकिरी झाले की बदला. गंजाची भुकटी मऊ पडली की दहापट भिंगाखाली बाभळीच्या काट्याने किंवा बांबूच्या टोकदार काडीने ती अलगद उचलायची. काटा लोखंडापेक्षा मऊ असतो, त्यामुळे ओरखडा उठत नाही. सुई, ब्लेड, सँडपेपर वापरू नका. पितळी ब्रशही नको, त्याचे पिवळे कण लोखंडावर बसतात आणि मग निघत नाहीत. नारिंगी तेवढे काढा आणि काळे लागले की थांबा. बहुतेक नाणी बिघडतात ती याच टप्प्यावर, कारण हात थांबत नाही.

शेवटी ॲसिटोनमध्ये दोनदा धुऊन तेल पूर्ण काढा. टेबललॅम्पखाली किंवा केस सुकवायच्या यंत्राच्या कोमट हवेत नाणे ५० ते ६० अंशांपर्यंत गरम करा. कोमट असतानाच कापसाच्या बोळ्यावर मोहरीएवढे मायक्रोक्रिस्टलाइन मेण घेऊन दोन्ही बाजूंना आणि कडेला पातळ फिरवा, गार झाल्यावर मऊ सुती कापडाने पुसा. संग्रहालयांत रेनेसाँस वॅक्स नावाचे मेण वापरतात, ते ऑनलाइन मिळते. मेण पुढे कधी काढावेसे वाटले तर व्हाइट स्पिरिटने, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावकाने, निघते. मेणाखाली तेल राहिले तर धूळ चिकटते. ओल राहिली तर मेणाच्या आतच गंज वाढतो आणि बाहेरून महिनोन्‌महिने कळत नाही. म्हणून सुकवण्यात घाई नको.

प्रश्न : नाण्यांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, तरी ऑगस्टमध्ये स्वीडनच्या आणि नॉर्वेच्या लोखंडी नाण्यांवर गंज आला. काय चुकले? काही जण तांदळात ठेवायला सांगतात.
– ठाणे

उत्तर : पुड्या बहुधा बुटांच्या किंवा औषधांच्या खोक्यांतून आलेल्या असाव्यात. त्या तुमच्या हातात येईपर्यंत ओल पिऊन भरलेल्या असतात आणि डब्यात गेल्यावर काहीच करत नाहीत.

थोडा हिशेब करू. ३० अंशांना हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम प्रति घनमीटर एवढी वाफ मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर ५ लिटरच्या डब्यातल्या हवेत जेमतेम ०.१३ ग्रॅम पाणी भरते. एवढे पाणी ५ ग्रॅम जेलही सहज शोषेल. म्हणजे खरी अडचण डब्यातल्या हवेची नाही. झाकणाच्या फटीतून रोज आत येणारी हवा आणि डब्यातला कागद, पुठ्ठा, कापड, लाकूड यांनी धरून ठेवलेले पाणी ही खरी अडचण आहे. पुठ्ठ्याच्या होल्डरचा एक गठ्ठा ओल्या हवेत कित्येक ग्रॅम पाणी पिऊन बसतो. तो डब्यात गेला की जेल आधी त्यालाच सुकवत बसते.

म्हणून सगळ्यात आधी डबा बदला. झाकणाला सिलिकॉनची रबरी कडी असलेला, चारही बाजूंनी खटके लागणारा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या. आत कागद-पुठ्ठा नको. ५ लिटरच्या डब्याला २५० ग्रॅम जेल घाला. हे मुद्दाम जास्त सांगतो आहोत, कारण झाकण उघडले जातेच. जेल नारिंगी रंगाचे घ्या, ओल भरली की ते हिरवे किंवा रंगहीन होते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्याला घातक मानले जाते, लहान मुलांच्या घरात नकोच. जेल जाळीच्या पिशवीत ठेवा. त्याचे दाणे नाण्यांना थेट टेकू देऊ नका.

रंग बदलला की ओव्हनमध्ये पसरट ताटात, एक-दोन दाण्यांच्या जाडीत पसरून ११० ते १२० अंशांना दोन ते तीन तास तापवा. १२० च्या वर नेले तर नारिंगी जेलचा रंग जळतो आणि मग ओल भरलेली कळत नाही. गरम जेल लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओता आणि गार झाल्यावरच नाण्यांच्या डब्यात घाला. उघड्यावर गार केले तर पावसाळी हवेत ते पुन्हा पाणी पिते आणि सगळी मेहनत वाया जाते.

किती कोरडे हवे? स्वच्छ लोखंडाला साधारण ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की गंज वेगाने चढू लागतो. आत मीठ शिरलेल्या लोखंडाला मात्र २० टक्क्यांच्या खालीच शांतता मिळते. तुमच्या नाण्यांना ४० टक्क्यांखाली ठेवले तर पुरे, रत्नागिरीच्या वाचकांना २० च्या खाली ठेवावे लागेल. आर्द्रता मोजायला छोटा डिजिटल मापक मिळतो. तो बरोबर दाखवतो का हे घरीच तपासता येते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतपतच पाण्याचे थेंब टाका आणि झाकण व मापक एका झिप पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ७० दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात ५ मिळवून वाचा.

तांदूळ मुळीच नको. साठवणीच्या तांदळात स्वतःचेच १२ ते १४ टक्के पाणी असते. तो डब्यातली हवा लोखंडाला हवी तेवढी कोरडी करूच शकत नाही, शिवाय त्याचा कोंडा नाण्याला चिकटतो. कापूर आणि डांबरगोळ्याही नकोत.

आणखी एक उपाय आपल्याकडे सहज मिळणारा आहे. चाकण-भोसरीकडचे कारखाने वाहनांचे सुटे भाग बांधायला व्हीसीआय कागद वापरतात. त्यातले रसायन हळूहळू वाफ होऊन लोखंडावर अतिशय पातळ संरक्षक थर धरते. बंद डब्याच्या तळाशी एक ताव पुरतो, वर्ष-दीड वर्षाने बदलावा. लोखंडासाठीचा कागद घेतला तर त्या डब्यात तांबे, पितळ किंवा जस्ताची नाणी ठेवू नका, त्यांना तो बाधू शकतो.

प्रश्न : जुन्या बाजारात राखाडी, काळपट युरोपीय नाणी ढिगाने दिसतात. लोखंड कोणते, जस्त कोणते आणि युद्धकाळातले कोणते, हे पटकन कसे ओळखावे?
– पुणे

उत्तर : खिशात तीन वस्तू असाव्यात: दोऱ्याला बांधलेला छोटा लोहचुंबक, खिशात मावणारा वजनकाटा आणि दहापट भिंग. चुंबक नाण्यावर आपटू देऊ नका, तो ताकदीचा असेल तर कडेला खड्डा पडतो. नाण्यावर पातळ कागद धरून वरून चुंबक झुलवा. ओढला गेला तर लोखंड, पोलाद किंवा निकेल. जस्त, ॲल्युमिनियम, कथिल आणि तांबे ओढत नाहीत. नाणे चुंबकित होईल ही भीती बाळगू नका, त्याने त्याचे काही बिघडत नाही.

जर्मनीने १० फेनिग लोखंडातही पाडले आणि जस्तातही. दोन्हींचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर. लोखंडी नाणे ३.६ ग्रॅमच्या आसपास भरते, जस्ताचे ३.२. जस्त लोखंडापेक्षा साधारण दहा टक्के हलके असल्याने एवढाच फरक पडतो, आणि झिजलेल्या नाण्यात वजनावरून फसायला होते. चुंबक फसवत नाही. टांकसाळीचे अक्षरही पाहा: ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, ई मुल्डेनह्युटेन, एफ स्टुटगार्ट, जी कार्ल्सरूहे, जे हँबर्ग. एकाच वर्षाची वेगवेगळ्या अक्षरांची नाणी जमवणे हा या संग्रहातला खरा आनंद आहे आणि तो स्वस्तात मिळतो. रोमन लिपीतली एवढी सहा अक्षरे पाठ केली की ढिगातून निवड करता येते.

देशांची थोडी खूणगाठ. ऑस्ट्रियाने १९१६ ते १९१८ या काळात २ आणि २० हेलर लोखंडात पाडले. हंगेरीच्या लोखंडी फिलेरवर क्रेमनिट्झ (हंगेरियन नाव कॉर्मॉट्सबान्या) टांकसाळीची के. बी. ही अक्षरे असतात. जर्मनांनी जिंकलेल्या पूर्वेकडच्या रशियन प्रदेशासाठी १९१६ सालची १, २ आणि ३ कोपेक ही नाणी लोखंडातच आहेत. त्यांच्या एका बाजूला आयर्न क्रॉस हे जर्मन लष्करी क्रूसचिन्ह आणि दुसऱ्या बाजूला रशियन लिपी दिसते. ती बर्लिन आणि हँबर्गमध्ये पडली. पोलंडसाठी १९१७-१८ मध्ये लोखंडी फेनिग निघाले. युद्धापासून अलिप्त राहिलेल्या देशांनाही तांब्याची टंचाई भासली. स्वीडनची लोखंडी १, २ आणि ५ ओरे १९१७ ते १९१९ आणि पुन्हा १९४२ ते १९५० अशी दोन खेपांत आहेत. डेन्मार्कची १९१८-१९ ची, नॉर्वेची १९१७ ते १९२१ ची आणि मग जर्मन ताब्यातल्या १९४१ ते १९४५ ची. बल्गेरियाने १९४१ साली १, २, ५ आणि १० लेवा लोखंडात पाडले. यातली पुष्कळशी नाणी आधीच्या ब्राँझच्या नाण्यांच्याच आकाराची आणि जवळपास त्याच नक्षीची आहेत, म्हणून फोटोवरून खरेदी करू नका.

एका नाण्याकडे मुद्दाम लक्ष द्या. पोलंडच्या ५० ग्रोशीच्या लोखंडी नाण्यावर १९३८ हे वर्ष आहे. ते वाचून लोक त्याला युद्धाआधीचे समजतात. प्रत्यक्षात ते पोलंड जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर चलनात आणले गेले. काहींवर निकेलचा मुलामा आहे, काही उघड्या लोखंडाची आहेत, आणि उघडी असलेली आपल्या हवेत फार लवकर गंजतात.

विकत घेताना नाणे काळेभोर आणि ओलसर चकाकणारे दिसले तर ते तेल चोपडलेले आहे. टिश्यू पेपरवर दाबून पाहा. तेलाखाली बारीक खड्डे असतील तर भिंगातून अक्षरांच्या कडा तुटलेल्या दिसतात. एकसारखे चांदीसारखे पांढरे लोखंडी नाणे हे बहुतेक वेळा आम्लातून काढलेले असते. सामान्य वर्षांची नाणी स्वस्त आहेत. त्यामुळे गंजलेली दहा घेण्यापेक्षा मूळ राखाडी पृष्ठभाग शाबूत असलेले एक घ्यावे.

प्रश्न : पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. त्यांच्या पेटीत इटलीची २० आणि ५० चेंतेसिमीची १९३९ आणि १९४० ची नाणी आहेत. ती लोखंडी आहेत का? काहींना चुंबक चिकटतो, काहींना नाही.
– सातारा

उत्तर : ही अक्मोनितालची नाणी आहेत. ते इटलीने नाण्यांसाठी घडवलेले न गंजणारे पोलाद. आधी ही नाणी शुद्ध निकेलची होती. निकेल युद्धसामग्रीसाठी राखायचे ठरले तेव्हा १९३९ पासून २० आणि ५० चेंतेसिमी, १ आणि २ लिरा अक्मोनितालमध्ये पडू लागले, ते १९४३ पर्यंत. मुसोलिनीच्या राजवटीचे वर्ष रोमन आकड्यांत ख्रिस्ती वर्षाच्या शेजारी दिसेल. १९४० सोबत अठरा हा आकडा असू शकतो.

चुंबकाचा फरक खरा आहे आणि संग्राहक दोन्ही प्रकार वेगळे मोजतात. न गंजणारे पोलाद दोन जातींचे असते. निकेल भरपूर असलेले चुंबकाला दाद देत नाही, निकेल नसलेले किंवा अगदी थोडे असलेले क्रोमियमचे पोलाद चिकटते. १९३९ आणि १९४० या वर्षांत दोन्ही प्रकार सापडतात, पुढे चुंबकाला चिकटणारेच. तेव्हा एकाच वर्षाचे एक चिकटणारे आणि एक न चिकटणारे अशी जोडी तुमच्याकडे असेल तर ती जोडीनेच जपा. १९३८ आणि त्याआधीची निकेलची नाणीही चुंबकाला चिकटतात, म्हणून वर्ष वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

यांची निगा सोपी आहे. प्रयोगशाळेत वापरतात त्या डिस्टिल्ड पाण्यात थेंबभर सौम्य साबण, मग स्वच्छ पाणी, मग ॲसिटोन, आणि वाळवण. लोखंडी नाण्यांच्या डब्यात मात्र ठेवू नका, गंजाचे कण यांच्यावर बसून डाग पाडतात. पणजोबांनी नाणी ज्या कागदात किंवा पाकिटात ठेवली होती त्यावर काही लिहिलेले असेल तर ते फेकू नका. वेगळ्या पाकिटात ठेवा आणि कोणते नाणे त्यातले ते नोंदवा. पलटणीतल्या माणसाने कोणते नाणे कुठून आणले, एवढी एक ओळ नाण्याच्या बाजारभावापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

प्रश्न : येथे १९४३ ची अमेरिकी पोलादी सेंट आरशासारखी चमकदार अवस्थेत मिळाली. इतकी जुनी नाणी अशी राहू शकतात? आणि त्याच वर्षाचा एक तांबडा सेंटही आहे.
– न्यू जर्सीतील मराठी वाचक

उत्तर : बहुधा ती पुन्हा मुलामा दिलेली आहेत. १९४३ मध्ये तांबे दारूगोळ्याला हवे म्हणून सेंट जस्ताचा मुलामा असलेल्या पोलादात पडला: १९ मिलिमीटर, सुमारे २.७ ग्रॅम. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को मिळून १०९ कोटींहून अधिक नाणी निघाली. मुलामा दिलेल्या पत्र्यातूनच गोल चकत्या कापल्या जात, त्यामुळे खऱ्या नाण्याची कड उघड्या पोलादाची असते आणि गंज बहुधा तिथूनच सुरू होतो. पुढे विक्रेत्यांनी जुनी झिजलेली नाणी आम्लात धुऊन त्यांवर पुन्हा जस्त किंवा क्रोमियम चढवले. अशा नाण्याची कडही सपाट चमकते. दिव्याखाली तिरके फिरवले तर मूळ छापाची फिरती झळाळी दिसत नाही, सगळीकडे एकसारखी चमक दिसते. भिंगातून मुलाम्याखाली जुन्या गंजाचे खड्डेही सापडतात. ती संग्रहात ठेवायला हरकत नाही, फक्त नोंदीत तसे लिहा.

तांबड्या सेंटला आधी चुंबक लावा. चिकटला तर पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा आहे. नाही चिकटला तर वजन करा. १९४३ ची खरी तांब्याची नाणी मोजकीच आहेत आणि त्यांचे वजन ३.११ ग्रॅमच्या आसपास असते. मात्र १९४८ च्या साध्या सेंटमधला ८ कापून ३ केलेली नाणीही तेवढ्याच वजनाची असतात. ३ ची खालची शेपटी खऱ्या पोलादी सेंटशी ताडून पाहा. जुळली तरच पुढे नाण्यांचा खरेपणा तपासणाऱ्या एखाद्या मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेकडे जा.

प्रश्न : १९१८ सालचे लोखंडी २ सेंटाव्हो सापडले. हे गोव्याचे नाणे म्हणायचे का?
– मडगाव

उत्तर : नाही. ते खुद्द पोर्तुगालचे आहे. पोर्तुगीज भारतात तेव्हा रुपिया, टांगा आणि रेइस ही चलने चालत. मायदेशाहून आलेल्या माणसांबरोबर ते गोव्यात आले असणे शक्य आहे. याच वर्षाचे २ सेंटाव्हो ब्राँझमध्येही आहेत आणि ती सहज मिळतात. लोखंडी मात्र दुर्मीळ आहेत. चुंबक चिकटत असेल तर साफसफाई न करता कोरड्या डब्यात ठेवा आणि जाणकाराला दाखवा. असे नाणे घरी खरवडले तर त्याचे मोल बरेच घटते.

प्रश्न : रेक्झिनच्या अल्बममध्ये मऊ पारदर्शक खिसे आहेत. काही नाणी पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये स्टेपल केली आहेत. बदलावे का? आणि नाण्यांवर पारदर्शक लॅकर मारला तर?
– कोल्हापूर

उत्तर : दोन्ही बदला. मऊ, लवचिक, नवेपणी उग्र वास येणारे खिसे बहुतेक पीव्हीसीचे असतात. ते उष्णतेत कालांतराने हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात आणि लोखंडाला तेच सर्वांत घातक. तपासायचे तर तांब्याची तार चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत लाल करा. ज्योत हिरवी दिसत असेल तर हिरवेपणा जाईपर्यंत तापवत राहा. मग गरम तार खिशाच्या कापलेल्या कोपऱ्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत आता हिरवी झाली तर प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन आहे. खिडकी उघडी ठेवून करा, धूर हुंगू नका.

त्याऐवजी पॉलिएस्टरचे कडक खिसे किंवा ॲक्रिलिकच्या गोल कॅप्सूल घ्या. कडक खिशात नाणे घासत सरकवू नका, ओरखडे उठतात. पुठ्ठ्याच्या होल्डरचा तोटा ठाणेकरांच्या उत्तरात आलाच आहे. शिवाय स्टेपलची पिन गंजते आणि तिचा गंज नाण्यावर उतरतो. पिना काढताना त्या वर ओढू नका, पिनेची टोके पुठ्ठ्याच्या मागून सरळ करा आणि मग होल्डर उघडा. डबा प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या बंद कपाटात ठेवण्यापेक्षा लोखंडी कपाटात ठेवा. त्या लाकडातून आम्लाची वाफ सुटत राहते.

लॅकर नको. कडेला केसाएवढी चीर गेली की ओल आत शिरते आणि लॅकरखाली गंज दोऱ्यासारख्या वळणावळणाच्या रेघांनी पसरतो. काढायला जावे तर नाण्याचा पृष्ठभाग सोबत निघतो.

प्रश्न : पहिल्या महायुद्धातली लोखंडी नाणी प्रमाणनासाठी परदेशी पाठवता येतील का?
– नागपूर

उत्तर : सावध राहा. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्यात किमान शंभर वर्षे जुन्या वस्तूंमध्ये नाणी स्पष्टपणे नमूद आहेत, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याची खासगी व्यक्तीला परवानगी नाही. १९१५ ते १९२२ ची नाणी या मर्यादेत आली आहेत, मग ती मुळात परदेशी असली तरी. टपालात घालण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे विचारणा करा. दुसऱ्या महायुद्धातली नाणी अजून शंभर वर्षांची नाहीत, तरी पार्सलवर नाण्याचे वर्ष स्पष्ट लिहा.

प्रश्न : एका पुडीत तीन लोखंडी नाणी गंजून एकमेकांना चिकटली आहेत. पातळ पट्टी घालून सोडवू का?
– मालवण

उत्तर : पट्टी घालू नका. गंजलेल्या लोखंडाचा गाभा कधी कधी पोकळ झालेला असतो आणि जोर लावताच नाणे पापुद्र्यांत फुटते. तिन्ही नाणी एकत्रच ॲसिटोनमध्ये अर्धा तास ठेवा, वाळवा आणि लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवा. या वेळी आठवडे नव्हे, दोन-तीन महिने. दर पंधरा दिवसांनी तेल बदला आणि नाण्यांना बोटांनी अगदी हलका पीळ देऊन पाहा. सरकली तर सरकली, नाही तर परत तेलात.

सुटल्यावर आतल्या बाजूंचा पृष्ठभाग बाहेरच्यापेक्षा चांगला निघण्याची बरीच शक्यता असते, कारण तिथे हवा कमी पोचलेली असते. त्या बाजू खरवडू नका, ॲसिटोन आणि मेण एवढेच पुरे. बाहेरची बाजू पूर्ण गेली असेल, वाचण्यासारखे काही उरले नसेल आणि जस्ताचा थर नसलेले नाणे असेल, तर त्या एका बाजूला टॅनिक आम्लाचे २ ते ३ टक्के पाण्यातले द्रावण ब्रशने लावता येते. गंजाचे रूपांतर निळसर काळ्या स्थिर संयुगात होते. पण नाण्याचा रंग कायमचा बदलतो, म्हणून चांगल्या बाजूवर थेंबही जाऊ देऊ नका. मालवणच्या हवेत मीठ असतेच, तेव्हा नाणी सुटल्यापासून डब्यात २० टक्क्यांच्या खालची आर्द्रता पहिल्या दिवसापासून राखा. तीन महिन्यांनी जोडलेलीच राहिली तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागाकडे विचारणा करा, आणि नेताना नाणी तेलातच, काचेच्या बरणीत न्या.